सहा ग्लास आणि पाचशे सोळा मैल

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा एक रस्ता आहे. इनव्हरनेस शहरातून निघायचे, पश्चिम किनारा गाठून वर वर जायचे, मग अटलांटिक उजवीकडून डावीकडून डोकावत असताना पूर्वेकडे सरकायचे आणि खाली उतरून पुन्हा इनव्हरनेसला यायचे. रस्ते जुनेच, पण २०१५ साली ते एकत्र गुंफून त्यांना ‘नॉर्थ कोस्ट ५००’ असे नाव देण्यात आले. एकूण लांबी ५१६ मैल, म्हणजे जवळजवळ ८३० किलोमीटर. मुंबईहून रत्नागिरीला जाऊन परत यावे आणि वर आणखी शे-दीडशे किलोमीटर जावे, एवढे अंतर. मात्र त्यातला बराच भाग एकेरी आहे. समोरून गाडी आली की दोघांपैकी एकाने थोड्या थोड्या अंतरावर केलेल्या रुंद जागेत थांबायचे, दुसऱ्याने हात वर करून आभार मानत पुढे जायचे. आठ दिवसांत आम्ही किती लोकांना हात केले असतील, हिशेब नाही.

या रस्त्यावर पुष्कळ लोक मोटरहोम घेऊन येतात. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, नळ, संडास, भिंतीला लावलेली फडताळे, सगळे असते. बाहेरून पाहताना वाटते, किती सोयीचे! पण घर एका जागी उभे असते म्हणून त्यात वस्तू नुसत्या ठेवून भागते. चालत्या घरात ‘ठेवणे’ हा शब्दच बदलतो. जे अडकवले नाही, बांधले नाही, दाबून बसवले नाही, ते पहिल्या वळणाला आपली जागा सोडते. कांदे लोळतात, चमचे खणात वाजतात, शाम्पूची बाटली बेसिनमध्ये पडते. यातले काही फुटत नाही. प्रश्न उरतो तो काचेचा.

माझी खाला ब्लॅकबर्नला राहते. कोकणातून विलायतेत गेलेल्या जुन्या घरांपैकी त्यांचे एक. खालू जहाजावर खलाशी होते, सत्तरच्या दशकात ते तिथे स्थायिक झाले. या रस्त्याने एकदा जायचे, हे त्यांनी फार वर्षे मनात धरले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. गेल्या मे महिन्यात, माझ्या शाळेला सुट्टी असताना, खालाच्या मुलाने मोटरहोम भाड्याने घेतले आणि मलाही बोलावले. खाला, तिचा मुलगा, भाभी, त्यांची दोन मुले आणि मी, असे सहा जण. खालाने कपड्यांची बॅग लहान घेतली आणि एक लाकडी पेटी मांडीवर. पेटीत काचेचे सहा ग्लास.

भाभीने आधीच प्लास्टिकचे पेले घेऊन ठेवले होते. तिचे म्हणणे अगदी चुकीचे नव्हते. मोटरहोममध्ये वजनाचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये आजकालच्या साध्या मोटारीच्या परवान्यावर डिझेलची गाडी ३५०० किलोपर्यंतचीच चालवता येते. त्यात गाडीचे स्वतःचे वजन, डिझेल, टाकीतले पाणी, गॅसचा सिलिंडर, सहा माणसे आणि त्यांचे सामान सगळे आले. पाणी शंभर लिटर भरले की शंभर किलो तिथेच गेले. अशा वेळी डझनभर ग्लास, काचेची ताटे, चिनीमातीच्या बरण्या घेणे हा वेडेपणाच. म्हणून भाड्याच्या गाड्यांत बहुधा मेलामाइनच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले दिलेले असतात. पण सहा ग्लास म्हणजे दीड किलो. एवढ्यासाठी खालाचे मन मोडण्यात अर्थ नव्हता. शिवाय एक गोष्ट तीही खरीच सांगत होती: प्लास्टिकमध्ये मसाल्याचा वास बसतो. सकाळच्या चहाला काल रात्रीच्या सालनाची चव आली की आठ दिवस निघत नाहीत. स्टीलचे म्हणाल तर पाणी प्यायला उत्तम. चहा घ्यायचा तर बोटेही भाजतात आणि ओठही.

ग्लास होते ड्युरालेक्सचे, फ्रान्समध्ये बनलेले. खालूंनी मार्सेय बंदरात घेतले होते. कडेने उभ्या पाकळ्यांसारखे पैलू, खाली निमुळते, हातात जड लागणारे. बुडाशी कंपनीचे नाव आणि एक लहान आकडा असतो. हा आकडा ज्या साच्यात ग्लास बनला त्याचा. पण फ्रान्समधल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुले जेवणाच्या टेबलावर तो आकडा वाचून ‘तुझे वय किती?’ असा खेळ खेळत आली आहेत. मी हे सांगताच आमची दोन्ही मुले रोज पाणी पिऊन झाले की ग्लास उलटा करून वये वाचू लागली. खाला एकदा सात वर्षांची निघाली, एकदा एकोणतीस. शिक्षकाला असे खेळ फुकट मिळाले की सोडवत नाहीत!

हे ग्लास साध्या काचेचे नसतात. काच घडवून झाल्यावर ती पुन्हा सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापवतात आणि थंड हवेच्या झोताने एकदम गार करतात. पृष्ठभाग आधी आवळतो आणि घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होताना आकसतो आणि बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. त्यामुळे वरचा थर कायम दाबाखाली राहतो. काच फुटते ती ताणाने. पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा ताणाने उघडत जातो, त्याचा तडा होतो. पण इथे ओरखड्याचे तोंड दाबामुळे मिटलेले असते. म्हणून असा ग्लास हातातून फरशीवर पडला तरी पुष्कळदा टणकन उडतो आणि शाबूत राहतो. ‘हा फुटतच नाही’ अशी त्याची कीर्ती होते, आणि इथेच लोक फसतात. वर्षानुवर्षे एकावर एक रचून, घासून, आपटून पडलेले ओरखडे एक दिवस त्या दाबाच्या थरापलीकडे पोहोचतात. मग अगदी किरकोळ धक्का पुरतो आणि ग्लासाचा एकदम चुरा होतो. तीक्ष्ण सुळे निघत नाहीत, बारीक खड्यांसारखे तुकडे होतात, एवढीच मेहेरबानी.

मोटरहोममध्ये काचेला धोका दोन प्रकारचा. एक मोठा धक्का: अचानक ब्रेक, खड्डा, फडताळाचे दार उघडून वस्तू खाली येणे. दुसरा सततचा थरथराट. आपण पहिल्याला घाबरतो. पण आठ दिवस, आठशे किलोमीटर काच काचेवर घासत राहिली, तर घरात दहा वर्षांत होणार नाही तेवढी झीज तिथे होते. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे, किणकिण, किणकिण. आपल्या एस.टी.त शेजारच्या पिशवीतून तो ऐकू येतो तेव्हा गोड वाटतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक किणकिणीला एक ओरखडा मोजत असतो.

स्कॉटलंडच्या त्या भागात गुरे-मेंढ्या मोकळ्या चरतात. त्यांनी कुंपण ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून रस्त्याला आडवा खड्डा खणून त्यावर लोखंडी पाइप अंतरा-अंतराने बसवलेले असतात. जनावराचा पाय त्यात ठरत नाही म्हणून ते पुढे येत नाही; गाडी मात्र वरून जाते. जाताना जो खडखडाट होतो तो आपल्या गतिरोधकांच्या रांगेसारखाच, फक्त जास्त भरभर. इनव्हरनेसहून उल्लापूलकडे जाईपर्यंत रस्ता चांगला रुंद होता. उल्लापूल हे १७८८ साली हेरिंग मासेमारीसाठी वसवलेले पांढऱ्या घरांचे गाव. (तिथून बोट निघते ती लुईस बेटावरच्या स्टोर्नोवेला. तिथे २०१८ साली मशीद उघडली. जायची फार इच्छा होती, पण दिवस मोजके होते.) उल्लापूलच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, वळणे वाढतात, आणि त्या लोखंडी जाळ्या सुरू होतात. पहिल्या जाळीवर गाडीतले सगळे स्वयंपाकघर बोलले. झाकणे, काटे-चमचे, शेगडीवरची जाळी, सगळे. खालाची पेटी तेवढी गप्प.

त्या पेटीत काय होते ते सांगते, कारण कुणालाही घरी करता येईल असे ते आहे. लाकडाची साधी पेटी, ग्लासाच्या उंचीची. आत एक आडवी फळी, तळापासून साधारण चार बोटे वर, आणि तिला सहा गोल भोके. प्रत्येक भोकाच्या कडेला जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवलेली. तळाला रबराची जाळीदार चटई. गालिचा घसरू नये म्हणून खाली घालतात, तीच. ग्लास भोकातून खाली जातो, तळावर टेकतो, पण शेजारच्याला शिवत नाही. झाकणाच्या आतून पुन्हा घोंगडी, त्यामुळे झाकण लावले की ग्लास वरूनही हलका दाबला जातो. उडायला वाव नाही, सरकायला नाही.

ही युक्ती खालूंनी जहाजावर पाहिली होती. त्या काळी पी अँड ओ कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर कामाची एक जुनी वाटणी असे: डेकवर कोकणचे खलाशी, सलून आणि पँट्रीत गोव्याचे लोक. समुद्र खवळला की ग्लासांची काळजी गोवेकरांची. टेबलांच्या कडांना उभ्या पट्ट्या लावत, म्हणजे ताटली घसरली तरी खाली जाणार नाही. टेबलक्लॉथ पाण्याने ओला करत, कारण ओल्या कापडावर बशी सरकत नाही. आणि ग्लास भोकांच्या फळ्यांमध्ये बसवलेले. खालू डेकवरचे, पण त्यांची पँट्रीतल्या एकाशी दोस्ती होती. पेटी त्यांनी घरी आल्यावर केली. खाला सांगत होती, “ते म्हणायचे, काच वाजली नाय पायजे. वाजली म्हणजे तिला जागा जास्त झाली.”

पेटी नसली तरी अडत नाही. ग्लास पायमोज्यात घालून उभे ठेवावेत. जुने लोकरी मोजे सर्वात चांगले. दुकानातून येणाऱ्या ग्लासांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे असतात, ते खोके फेकू नये. पोहायला शिकताना मुले धरतात तो फोमचा लांब दांडा मिळतो, त्याचे तुकडे करून ग्लासांच्या मध्ये ठोकून बसवता येतात. फडक्यात गुंडाळायचे तर फडके आतही कोंबावे, नुसते बाहेरून नको. एकात एक ग्लास मात्र प्रवासात कधीच घालू नयेत. जागा वाचते खरी, पण आतल्या ग्लासाची बाजू बाहेरच्याच्या काठाला रेटत राहते, आणि काठ हा ग्लासाचा सर्वात दुबळा भाग.

आणि पेटी ठेवावी कुठे? डोक्यावरच्या फडताळात नको. वळणावर गाडी कलते तेव्हा सर्वात जास्त हेलकावा वरच्या भागाला बसतो, आणि दाराची खिट्टी सैल असेल तर काच सरळ कुणाच्या तरी डोक्यावर. मागच्या चाकांच्याही मागे जो भाग असतो तिथेही नको, तो प्रत्येक खड्ड्याला झुल्यासारखा वर-खाली होतो. खाली, जमिनीलगत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध जो कप्पा असेल तो उत्तम. आमच्या गाडीत जेवणाच्या बाकाखाली तसा कप्पा होता. त्यात एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला पिठाची पिशवी, मध्ये चादर. पिठाची पिशवी फार चांगली शेजारीण, हे तिथे कळले.

काइलस्क्यूला एक वक्राकार पूल आहे, १९८४ साली झालेला. त्याआधी तिथे फेरीबोट चाले. पुलाजवळ गाडी थांबवून आम्ही असरची नमाज पढलो. वारा इतका की जानमाजच्या चारही कोपऱ्यांवर दगड. नंतर चहा. खालाने पेटी उघडली, एकेक ग्लास काढून उजेडात फिरवून पाहिला आणि मग भाभीसमोर ठेवला. भाभी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून प्लास्टिकचे पेले समुद्रकिनाऱ्यासाठी, खेळणाऱ्या मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यासाठी राहिले, आणि बसून घ्यायचा चहा ग्लासात. ही वाटणी मला पटते. चालत्या गाडीत कुणाच्याही हातात काच नको, मग ती कितीही मजबूत असो.

निघण्याआधी खालाचा एक क्रम ठरून गेला होता. गॅस बंद, फ्रिजच्या दाराची कडी, नळ, वरची दारे हाताने ओढून पाहणे, आणि शेवटी पेटी. पेटी कप्प्यात गेल्याशिवाय मुलगा इंजिन सुरू करीत नसे. खरा धोका असतो तो घाईच्या वेळचा: चहा झाला, पाऊस आला, ‘चला चला’ म्हणत धुतलेला ग्लास बेसिनमध्येच राहिला आणि गाडी निघाली. शेजारच्या तळावरच्या एका इंग्रज बाईंनी सांगितले, त्यांचे जे दोन ग्लास आजवर गेले ते दोन्ही असेच गेले.

डरनेसला आम्ही दोन रात्री राहिलो. समुद्रावर सरळ कड्याच्या माथ्यावर गाड्या उभ्या करायची जागा, खाली पांढरी वाळू. रात्री दहा वाजता वाचता येईल इतका उजेड. वारा पडला की मिज नावाच्या बारीक माश्या अशा चावतात की मुले आपणहून आत येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हललेली नसताना, थोरली मुलगी ग्लास विसळत होती. ओला ग्लास नळाच्या तोटीला लागला. फार जोरात नाही. फटाक्यासारखा एक आवाज झाला आणि तिच्या हातात काहीच उरले नाही. बेसिनमध्ये, ओट्यावर, बाकाच्या गादीवर साखरेच्या मोठ्या खड्यांसारखे तुकडे.

पोर रडायला लागली. सगळ्यांनी खालाकडे पाहिले. ती पलंगावर तसबीह घेऊन बसली होती. “इन्ना लिल्लाहि...” इतके म्हणून ती थांबली आणि मग म्हणाली, “पाय उचल गं, खाली अनवाणी उतरू नको. हात दाखव.” हाताला काही लागले नव्हते. मग तिने भाभीला पोळ्यांची कणीक मागितली. काचेचा चुरा झाडूने नीट निघत नाही, आणि हाताने तर उचलूच नये. मऊ कणकेचा गोळा गादीवर, फटींत, ओट्यावर हलके दाबत गेले की बारीक कणसुद्धा त्याला चिकटून येतो. कणीक नसेल तर ओला कापूस किंवा पावाचा मऊ तुकडा. तो गोळा वर्तमानपत्रात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून कचऱ्यात टाकायचा, म्हणजे उचलणाऱ्याच्या हाताला लागत नाही. गादी उचलून बाहेर झटकली. तासभर गेला.

चहा उशिरा झाला. पाच ग्लास आणि एक स्टीलचा पेला. स्टीलचा पेला खालाने घेतला आणि ज्या नातीच्या हातून फुटला तिच्यासमोर काचेचा ठेवला. पोर घेईना. खाला म्हणाली, “घे, यात तुझे वय बघ किती आहे.” बुडाशी आकडा होता चाळीस. धाकटा इतका हसला की मग तीही हसली. खालू असते तर काय म्हणाले असते, असे भाभीने हळूच विचारले. खाला म्हणाली, त्यांनी आठ घेतले होते मार्सेयला. दोन तर घरी पोहोचायच्या आधीच फुटले.

आपल्याकडेही आता अशा गाड्या येऊ लागल्या आहेत. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. उद्या कुणी अशी गाडी घेऊन दापोली-गुहागरच्या बाजूला गेले, तर आपले गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे त्या लोखंडी जाळ्यांना भारी आहेत. पण मोटरहोमच कशाला, सुट्टीत गावी जाताना डिकीत बरणी, सरबताच्या बाटल्या, कुणाच्या तरी लग्नाच्या भेटीचा ग्लाससेट असतोच. कांद्याच्या पोत्यावर ठेवलेला ग्लाससेट मी पाहिला आहे आणि पनवेलपर्यंत त्याचे संगीतही ऐकले आहे.

डरनेसहून निघायच्या वेळी खालाने पाच ग्लास पेटीत लावले. सहावे भोक रिकामे. झाकण लावून तिने पेटी कानाजवळ धरून हलवली. अगदी बारीक आवाज आला. एका बाजूचे वजन गेल्याने झाकण तिथे सैल बसत होते. तिने पुन्हा पेटी उघडली, इकडे तिकडे पाहिले आणि भाभीच्या लिंबाच्या लोणच्याची लहान बाटली मोज्यात घालून त्या भोकात बसवली. पुन्हा हलवून पाहिली. मग पेटी बाकाखाली, पिठाच्या पिशवीला टेकवून ठेवली आणि मुलाला म्हणाली, “चल, बिस्मिल्लाह कर.”

पुढे टंगपर्यंत सात जाळ्या लागल्या. मुलांनी मोजल्या.